सोलमध्ये राजवाडा एकच बघणार असाल, तर चांगदॉकगुंग बघा

कोरियाला जाण्याची आमच्या कोथरूडमध्ये सध्या साथच आली आहे. पूर्वी सिंगापूर, थायलंड, दुबई असा ठरलेला क्रम असायचा. आता घरोघरच्या मुली कोरियन मालिका बघतात आणि आईबापांना सोलला ओढून नेतात. आमचीही त्यातलीच. तिला जोसॉन घराण्यातल्या राजांची नावं पाठ, ह्यांना इतिहासाचं वेड, आणि मी बँकेत उभा जन्म काढलेला, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी पाटी वाचणार: तिकीट किती, वेळ काय, साप्ताहिक सुट्टी कधी. परत आल्यापासून सोसायटीत, भिशीत, लग्नाच्या पंगतीत जो तो मलाच विचारतो, "सोलमध्ये पाच-पाच राजवाडे आहेत म्हणे, आम्ही कुठला बघू?"

एकच बघणार असाल तर चांगदॉकगुंग, आणि तोही मागच्या बागेसकट. दोन ठिकाणांना वेळ असेल तर दुसरा राजवाडा नकोच, त्याऐवजी जोंगम्यो, म्हणजे राजघराण्याच्या पितरांचं देऊळ, बघा. आणखी एक दिवस काढता येत असेल आणि घरात कुणी गडकिल्लेवालं असेल तर सुवॉन हे तटबंदीचं शहर. आणि ग्योंगबोकगुंग? तो तुम्ही बघणारच आहात, कारण टूरवाले तुम्हाला तिथेच नेऊन सोडणार आहेत.

आधी त्याचंच सांगते. टूरवाले सगळ्यांना ग्योंगबोकगुंगलाच का नेतात ते उघड आहे. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जुना, बस थांबायला जागा, समोर रुंद रस्ता, मागे डोंगर, फोटो हमखास छान. जोसॉन घराणं गादीवर आलं १३९२ साली आणि हा राजवाडा उभा राहिला १३९५ साली. पाटीवरचा १३९५ हा आकडा वाचून आपण भारावून आत शिरतो, आणि आतले लाल-हिरवे रंग असे करकरीत, की दिवाळीच्या आधी रंगारी नुकताच शिडी घेऊन गेला असावा. मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, हे सहाशे वर्षांचं वाटतंय का?" ह्यांनी उत्तर द्यायच्या आत लेकीने डोळे मोठे केले.

वाटत नाही, कारण ते नाहीच. १५९२ साली जपान्यांची स्वारी आली तेव्हा हा राजवाडा जळाला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं तसाच पडीक राहिला. १८६०च्या दशकात गोजोंग राजाच्या बापाने, म्हणजे देवॉनगुनाने, तो पुन्हा बांधून काढला. मग विसाव्या शतकात जपानची सत्ता आली. त्यांनी बहुतेक इमारती पाडल्या, विकल्या, हलवल्या आणि बरोब्बर दरबाराच्या तोंडासमोर स्वतःच्या गव्हर्नर जनरलची दगडी कचेरी उभी केली. ती १९२६ साली पुरी झाली. म्हणजे रस्त्यावरून राजाचा दरबार दिसूच नये अशी व्यवस्था. कोरियन लोकांनी ती पाडायला घेतली १९९५च्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. (हो, त्यांचाही १५ ऑगस्टच. आपल्याआधी दोन वर्षं.) तेव्हापासून एकेक इमारत परत बांधणं चाललंय. पुढचा मोठा दरवाजा, ग्वांगह्वामुन, मध्यंतरी सिमेंट काँक्रीटचा केलेला होता, तो २०१० साली परत लाकडाचा केला. त्याच्यापुढचा दगडी चौथरा तर २०२३ साली पुरा झालाय.

मी कसबा पेठेत वाढले. शनिवारवाडा म्हणजे आमचं खेळायचं अंगण होतं म्हणा ना. १८२८ साली वाडा जळला, उरले बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती. इथे गणेश महाल, इथे आरसे महाल, असं जोत्यांकडे बोट दाखवून आमचे आजोबा आख्खा वाडा हवेत उभा करायचे. त्यामुळे ग्योंगबोकगुंगात मला सारखं वाटत होतं की यांनी आपलं काम आपल्यावर सोडलंच नाही. ह्यांचं मत एकदम उलट. "शनिवारवाडा कुणी असा सातही मजले परत बांधून दिला तर तू पहिल्या दिवशी रांगेत असशील," म्हणाले. असेनही. पण दोन गोष्टींत फरक आहे. इथे परत बांधणं हे जपान्यांना दिलेलं उत्तर आहे, ते त्यांनी द्यायलाच हवं होतं आणि उत्तम दिलंय. मात्र साडेतीन-चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला जुनं लाकूड बघायचं असेल तर ते इथे मोजक्या ठिकाणी आहे. मुख्य दरबार आणि तळ्यातला अठ्ठेचाळीस दगडी खांबांचा मंडप हे मात्र १८६७ सालचे आहेत, ते नीट बघा.

दरबारापुढच्या पटांगणात लोक सरळ पुढे जाऊन सिंहासनाचा फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही खाली बघा. ग्रॅनाइटच्या फरश्या मुद्दाम ओबडधोबड ठेवल्यात, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि पाय घसरत नाही. दोन बाजूंना छोटे दगडी खुंट आहेत, त्यांवर दर्जे कोरलेत: मुलकी अधिकारी पूर्वेला, लष्करी पश्चिमेला, ज्याने त्याने आपापल्या दगडाशी उभं राहायचं. आणि फरशीत अधूनमधून लोखंडी कड्या ठोकल्यात, त्या मांडव ताणायच्या. ही कडी लेकीला दाखवली तेव्हा ती पहिल्यांदा मालिकांबाहेर आली. सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरांचा पडदा आहे. पर्समधून दहा हजार वॉनची नोट काढून समोर धरा, सेजोंग राजाच्या चेहऱ्यामागे तोच पडदा छापलाय. हा सेजोंग म्हणजे ज्याने १४४३ साली कोरियन लिपी तयार केली आणि १४४६ साली लोकांना दिली तो. कामही इथलंच.

छपरांकडे मान वर करून बघितल्याशिवाय निघू नका. उतरत्या कोपऱ्यांवर मातीच्या बाहुल्या ओळीने बसवल्यात, घराला काही वाईटसाईट होऊ नये म्हणून. त्यातली सगळ्यांत पुढची बाहुली चिनी भिक्षूची मानतात, आणि तो भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग! जो सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात आला होता आणि महाराष्ट्रातली माणसं उपकाराला जागतात पण अपमान विसरत नाहीत असं लिहून गेला, तोच. हे कळल्यावर ह्यांनी मला अर्धा तास एका जागी उभं करून वेगवेगळ्या छपरांवर युआन श्वांग शोधले. तळ्यातल्या मंडपावर अकरा बाहुल्या आहेत.

आणि एक धुराडं. हे मी मैत्रिणींना आवर्जून सांगते आणि त्या हसतात. थंडीत उणे दहापर्यंत पारा जातो, म्हणून तिथे जमिनीखालून धुराच्या नळ्या खेळवून खोली तापवतात. चूल एका अंगाला, धूर दुसऱ्या अंगाला बाहेर. राजवाड्यात ते धुराडं उघडंबोडकं कसं ठेवायचं? म्हणून मागच्या भागात, राजाच्या वडीलधाऱ्या राणीसाठी बांधलेल्या महालामागे, भिंतीतच धुराडं लपवलंय आणि त्या भिंतीवर भाजलेल्या मातीची चित्रं बसवलीत. सूर्य, ढग, डोंगर, पाणी, पाइन, कासव, हरीण, सारस: सगळी दीर्घायुष्याची चिन्हं. वर बघितलं तर दहा छोटी धुराडी ओळीने. चित्रांच्या कडा झिजल्यात, हरणाच्या पाठीवर चुन्याचा डाग आहे, आणि म्हणूनच पूर्ण राजवाड्यात मला हे सर्वांत खरं वाटलं. टूरचे झेंडे इथवर येत नाहीत. ते पहारेकऱ्यांची बदली बघतात, तीही चांगली असते, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला.

अगदी मागे एक निवांत वाडा आहे, तिथे १८९५ साली जपान्यांनी राणी म्यॉंगसॉंगचा खून केला. पुढच्या वर्षी गोजोंग राजा रशियाच्या वकिलातीत पळून गेला आणि या राजवाड्यात परत राहायला आलाच नाही. कोरियातला पहिला विजेचा दिवाही याच वाड्यात लागला होता, १८८७ साली. सध्याची इमारत नव्याने बांधलेली आहे.

हानबोकचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक पोशाखाचं, विचारता म्हणून: तो घातला की तिकीट माफ. पण तिकीट तीन हजार वॉन, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत, आणि हानबोकचं भाडं त्याच्या कितीतरी पट. हौस असेल तर घाला, वाचवायला म्हणून घालू नका. नऊवारीला सवलत नाही, ह्यांनी खिडकीवर विचारून बघितलं.

आता चांगदॉकगुंग. हा १४०५ सालचा, धाकटा. तोही १५९२ साली जळला, पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच पुन्हा बांधला. ग्योंगबोकगुंग पडीक होता ती पावणेतीनशे वर्षं खरा कारभार इथूनच चालला. म्हणजे पाटीवर पहिला मान थोरल्याचा असला तरी राजे नांदले ते बहुतकरून इथे. युनेस्कोच्या यादीतही १९९७ साली हाच गेला. पुढचा दरवाजा, दोनह्वामुन, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. त्याच्या खांबांना हात लावायचा मोह होतो (लावू नका, माणूस उभा असतो).

इथे सरळ रेषेत काहीच नाही. ग्योंगबोकगुंगात एकामागोमाग एक दरवाजे, मध्यरेषा, डावंउजवं सारखं. इथे दरवाजातून आत आलं की उजवीकडे वळायचं, १४११ सालचा छोटा दगडी पूल ओलांडायचा, मग डावीकडे दरबार. डोंगराने जशी जागा दिली तसा वाडा वसवलाय. ज्यांनी पेठांतले वाडे पाहिलेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल: पुढच्या चौकातून मागच्या चौकात, एखादा बोळ, मग अचानक उघडी जागा.

दरबाराच्या आत विजेचे दिवे, पिवळे पडदे आणि लाकडी तक्त्यांची जमीन बघून लेक खट्टू झाली, मालिकेत असं नसतं ना. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फेरफार. मला उलट तेच आवडलं. शेजारच्या हुईजोंगदांग महालाला तर मोटार थेट दाराशी लागावी म्हणून पुढे छत काढलंय. आणि आता माझा मुख्य मुद्दा. १९१७ साली इथले राजाराणीचे महाल आगीत गेले. ते परत बांधायला लाकूड कुठून आणलं? ग्योंगबोकगुंगातले राजाराणीचे महाल उतरवून. १९२० साली ते काम पुरं झालं. म्हणजे थोरल्या राजवाड्यात राजाचं शयनगृह म्हणून जे दाखवतात ते १९९०च्या दशकातलं, आणि त्याचं मूळ लाकूड इथे चांगदॉकगुंगात उभं आहे. हे वाचल्यावर ह्यांनी वाद सोडला. "बरं, तुझंच खरं," हे शब्द लग्नानंतर मी फार कमी वेळा ऐकलेत. राणीच्या महालाच्या छपराला वरचा आडवा कणा नाही, तेही बघा. राजा म्हणजेच ड्रॅगन, मग त्याच्या डोक्यावर दुसरा ड्रॅगन कशाला, असा त्यामागचा समज सांगतात. १९१० साली देश जपानच्या हवाली करायची शेवटची मंत्रिमंडळाची बैठक याच महालाच्या एका खोलीत झाली. बाहेर पाटी छोटीशी आहे.

नाकसॉनजे हा भाग चुकवू नका. दरबाराच्या उजवीकडे बाहेरच्या अंगाला आहे म्हणून लोक चुकवतात. १८४७ साली हॉनजोंग राजाने बांधला. याला रंग नाही. एवढ्या रंगीबेरंगी गर्दीत हा एकटा नुसत्या लाकडाचा आणि कागदी जाळ्यांचा. जाळीची नक्षी प्रत्येक दाराला वेगळी. गोजोंगची मुलगी दॉकहे, जिला बारा वर्षांची असताना जपानला नेलं आणि जी १९६२ साली मनाने पार खचून परत आली, ती याच आवारात राहिली आणि १९८९ साली वारली. एकोणनव्वद! मी तेव्हा बँकेत पासबुकं भरत होते. राजघराणं एवढ्या अलीकडेपर्यंत इथे राहत होतं हे कळल्यावर त्या ओट्याकडे बघायची नजर बदलते.

बागेचं तिकीट वेगळं, पाच हजार वॉन, राजवाड्याचे तीन हजार अधिक. हजार वॉन म्हणजे साठ-पासष्ट रुपये धरा. ठरलेल्या वेळी, ठरावीक माणसांना, गाइडबरोबर सोडतात. इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात. तिकिटं काही दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं लाल-पिवळी होतात तेव्हा तत्काळ आरक्षणासारखी उडतात. थोडी तिकिटं त्या दिवशी सकाळी खिडकीवरही मिळतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांच्या टूर कंपनीने "बाग बंद आहे" असं सांगून पुढे नेलं होतं. बाग उघडी होती, तिकिटं काढली नव्हती. म्हणून बुकिंग करतानाच लेखी विचारा: चांगदॉकगुंग बागेसकट आहे का?

बाग म्हणजे आपल्याला वाटते तशी फुलांची बाग नाही. सारसबागेच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. हे जंगलच आहे, मध्ये तळी आणि मंडप. पहिलंच तळं चौकोनी, मधलं बेट गोल, कारण पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल अशी त्यांची कल्पना. एका मंडपाचे दोन पाय पाण्यात. वरच्या टेकाडावर दुमजली इमारत, तिथे जॉंगजो राजाने १७७६ साली ग्रंथालय सुरू केलं. तिथे चढायला तीन दारं: मधलं मोठं राजासाठी, बाजूची दोन इतकी बुटकी की मंत्र्यांना वाकूनच जावं लागावं. पुढे अखंड दगडातून कोरलेली एक कमान आहे, तिच्याखालून गेलं की म्हातारपण येत नाही म्हणतात. आमच्या गटातल्या झाडून सगळ्या बायका दोनदा गेल्या. गाइड मुलगी शांतपणे थांबली, तिला सवय असावी.

अगदी आत, चढ चढून गेलं की खडकात वळणदार पाट खोदलाय. पाण्यावर मद्याचा पेला सोडायचा, तो आपल्यापाशी येईपर्यंत कविता रचायची, असा राजांचा खेळ होता. आणि त्याच्या शेजारी भाताचं खाचर! टेबलक्लॉथ अंथरावा एवढंसं. राजा स्वतः त्यात लावणी करायचा, शेतकऱ्याच्या कष्टाचं भान राहावं म्हणून, आणि त्याच भाताच्या पेंढ्याने शेजारच्या मंडपाचं छप्पर शाकारायचे. अजूनही शाकारतात. इतक्या कौलारू मंडपांत तेवढं एक गवती छप्पर. माझं माहेरचं आजोळ मुळशीकडचं, मी तिथे बराच वेळ रेंगाळले. कापणी होऊन गेली होती, नुसता धसकटांचा चौकोन उरला होता. लेकीने माझा फोटो राजवाड्यापुढे नाही, त्या खाचरापुढे काढला.

चांगदॉकगुंगातूनच एका दाराने शेजारच्या चांगग्योंगगुंगात जाता येतं, हजार वॉनचं वेगळं तिकीट. १४८३ साली राजघराण्यातल्या तीन वडीलधाऱ्या राण्यांसाठी बांधलेला. जपान्यांनी १९०९ साली इथे चक्क प्राणिसंग्रहालय केलं. राजाच्या अंगणात वाघ-माकडं! ते १९८३ साली हलवलं. आपणही पेशवे पार्कातली जनावरं कात्रजला नेली, पण आपण ती दुसऱ्या कुणाला खिजवायला आणलेली नव्हती. काचेचं पांढरं हरितगृह त्या काळातलं अजून आहे आणि सुंदर आहे. मुख्य दरबार १६१६ सालचा, टिकून राहिलेल्या दरबारांत सर्वांत जुना, आणि तिथे माणूस नाही! बागेतून बाहेर पडल्यावर पायांत त्राण असेल तर अर्धा तास द्या.

दॉकसुगुंग पोचल्या दिवशी संध्याकाळी करा. साडेतीन तासांचा फरक, झोप लागत नसते, आणि हा रात्री नऊपर्यंत उघडा असतो. हजार वॉन. सपाट आहे. कौलारू दरबाराच्या शेजारी खांबांची युरोपियन दगडी इमारत बघून गोंधळायला होतं. १९०० ते १९१० मध्ये बांधली आणि ती पुरी झाली त्याच वर्षी देश गेला. गोजोंगला कॉफीचं व्यसन होतं, १८९८ साली त्याच्या कॉफीत अफू घालून त्याला मारायचा प्रयत्नही झाला. भिंतीबाहेरचा रस्ता गिंकोच्या पिवळ्या पानांनी भरून जातो, फक्त खाली पडलेली फळं चिरडू नका, बुटांना जो वास लागतो तो हॉटेलपर्यंत येतो. पाचवा राजवाडा, ग्योंगहुईगुंग, फुकट आहे आणि का फुकट आहे ते गेल्यावर कळतं. सोडा.

जोंगम्योला मी दुसरा नंबर दिला यावर लेक अजून रुसलेली आहे, कारण तिथे "काहीच नाहीये". खरंच नाहीये. हे राजघराण्याच्या पितरांचं देऊळ. मुख्य इमारत १०१ मीटर लांब, एकोणीस दालनं ओळीने, पुढे मोठं दगडी पटांगण. नक्षी नाही, चित्रं नाहीत, लाल खांब आणि लांबच लांब छप्पर. आत एकोणीस राजे आणि तीस राण्यांच्या लाकडी पाट्या. सगळ्याच राजांना इथे जागा नाही हं, ज्याचं कर्तृत्व मानलं त्याचीच पाटी इथे राहिली, बाकीच्यांपैकी बहुतेकांची शेजारच्या लहान देवळात. दुरुस्तीसाठी हलवलेल्या पाट्या २०२५ साली वाजतगाजत परत आणल्या. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे विधी होतो, संगीत आणि नाचासकट, तो योग आला तर बाकी सगळं रद्द करा. वाटेत तीन पट्ट्यांची दगडी पायवाट आहे, मधली उंच पट्टी पितरांसाठी. तिच्यावर चालू नये. आमच्यातल्या कुणालाही ते दोनदा सांगावं लागलं नाही.

तिथून चालत ग्वांगजांग बाजार गाठता येतो. शाकाहारी मंडळी, ऐका: तिथे भिजवलेले मूग विजेच्या जात्यावर वाटून समोर तव्यावर घालतात, ते थेट आपलं मुगाचं धिरडं. फक्त तव्यावर टाकायच्या आधी डुकराचं मांस नाही ना हे विचारा, बऱ्याचदा असतं. आम्ही कोरियन लिपीत लिहिलेला कागदच दाखवत होतो.

आता सुवॉन. १७६२ साली सादो नावाच्या युवराजाला त्याच्या बापाने, राजाने, तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडलं आणि आठ दिवसांनी तो आत मेला. हे घडलं चांगग्योंगगुंगात. त्याचा मुलगा तो ग्रंथालयवाला जॉंगजो. त्याने बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि १७९४ ते १७९६ या काळात तिथे तटबंदीचं शहर वसवलं. तट पावणेसहा किलोमीटर. मेट्रोची एक नंबरची लाइन, सोलहून साधारण तासाभरात. राजगड-तोरणा केलेल्यांना तो तट म्हणजे सकाळचा फेरफटका आहे, चढ एकाच टेकडीचा. पण बांधकाम बघण्यासारखं: खाली घडीव दगड, वर विटा, बंदुकांसाठी पोकळ बुरूज, ओढ्यावर सात कमानींचं पाणदार. दगड उचलायला जॉंग याक-योंग या विद्वानाने कप्प्यांचं यंत्र बनवलं होतं, त्याची प्रतिकृती ठेवली आहे. ह्यांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. दक्षिण दरवाजाभोवती आता वाहनांचं वर्तुळ फिरतं, स्वारगेटच्या चौकात किल्ल्याचा दरवाजा ठेवावा तसं.

आणि त्यांनी बांधकामाची सगळी नोंद छापून ठेवली होती. आकृत्या, सामान, कोणत्या कारागिराला किती मजुरी दिली, नावासकट. कोरियन युद्धात तट फुटला तेव्हा १९७०च्या दशकात ती वही उघडून जसाच्या तसा परत बांधला, आणि तरीही युनेस्कोने १९९७ साली तो यादीत घेतला. म्हणजे परत बांधण्याला माझी हरकत नाही, वही हवी. हिशेब जुळला पाहिजे.

शेवटी पाटीवरचं. ग्योंगबोकगुंग आणि जोंगम्यो मंगळवारी बंद. चांगदॉकगुंग, चांगग्योंगगुंग, दॉकसुगुंग सोमवारी बंद. टूरच्या कागदावर "सोमवार: चांगदॉकगुंग" छापलेलं दिसलं तर तिथेच पैसे थांबवा. जोंगम्योला एरवी ठरलेल्या वेळी गाइडबरोबरच सोडतात, शनिवार-रविवारी आपलं आपण फिरता येतं, म्हणून शक्यतो शनिवार-रविवार. गुडघ्यांचं विचाराल तर दॉकसुगुंग आणि जोंगम्यो कुणालाही जमेल, बागेत मात्र चढउतार आहेत आणि खाचरापर्यंतचा शेवटचा टप्पा दमवतो. ह्यांनी तो गुडघ्याचा पट्टा बांधून केला. मध्येच परत फिरायचं असेल तर आधी गाइडला सांगा, कारण आत किती माणसं सोडली आणि बाहेर किती आली हे तिथे मोजतात.